भाताला शिव्या घालणे म्हणजे प्रयोग नव्हे

गेल्या महिन्यात वहिनीने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश टाकला आणि खाली लिहिले, ‘सातवीच्या प्रकल्पासाठी आम्ही हेच करतोय.’ संदेश बहुतेकांनी पाहिलेला असेल. दोन बरण्यांत शिजवलेला भात भरायचा, एकीला रोज ‘धन्यवाद’ म्हणायचे, दुसरीला ‘मूर्ख’ म्हणायचे. काही दिवसांनी पहिलीतला भात पांढरा राहतो आणि दुसरीतला काळा पडतो. हे जपानी शास्त्रज्ञ डॉ. मासारू इमोटो यांनी सिद्ध केले आहे, आपले जगदीशचंद्र बोसही हेच सांगत होते, शरीरात ७० टक्के पाणी असल्याने शब्दांचा परिणाम आपल्यावरही होतो, आणि विश्वास नसेल तर स्वतः करून बघा. आजवर हा संदेश मी न वाचल्यासारखा करत आले होते. तो भाच्याच्या प्रकल्पवहीत शिरल्यावर मात्र गप्प बसणे जमले नाही.

इमोटो यांचे शिक्षण आंतरराष्ट्रीय संबंध या विषयातले आणि नावामागची ‘डॉक्टर’ ही पदवी पर्यायी वैद्यकातली. पदवीवरून दावा खोटा ठरत नाही हे मान्य; परंतु संदेशात पुरावा म्हणून त्या पदवीखेरीज काहीच दिलेले नाही. शरीरातल्या पाण्याच्या मुद्द्यावर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. शब्दांनी पाणी बिघडत असते, तर सार्वजनिक नळावरच्या भांडणांनंतर एकही हंडा पिण्यालायक उरला नसता.

बोसांच्या बाबतीत थोडी माघार घ्यावी लागते. वनस्पती बाहेरच्या उद्दीपनाला प्रतिसाद देतात, हे त्यांनी स्वतः घडवलेल्या नाजूक उपकरणांनी मोजून दाखवले होते, आणि तेवढ्यापुरते संदेशात तथ्य आहे. पण त्यांनी मोजले ते जिवंत झाडांचे प्रतिसाद. कुकरच्या तीन शिट्ट्या झालेला तांदूळ हा जिवंत नसतो, आणि तो काळा पडतो तो त्याच्यावर वाढणाऱ्या बुरशीमुळे.

खरा घातक मुद्दा शेवटचा आहे, ‘स्वतः करून बघा’. ऐकायला तो अगदी वैज्ञानिक वाटतो आणि म्हणूनच शिक्षकही त्याला फसतात. भावाकडे गेले तेव्हा ओट्यावरच्या दोन्ही बरण्या मी नीट पाहिल्या. ‘धन्यवाद’ची बरणी जुनी लोणच्याची, काचेची, घट्ट फिरकीच्या झाकणाची होती. ‘मूर्ख’ची प्लास्टिकची, सैल झाकणाची, आणि शेगडीला अगदी लागून ठेवलेली. त्यातही भाचा धन्यवाद बाहेरूनच म्हणायचा. शिवी मात्र ‘आत नीट पोहोचावी’ म्हणून झाकण काढून, तोंड बरणीत घालून ओरडायचा. त्या भातावर काळपट बुरशी धरली होती, आणि वहीत निष्कर्ष लिहून तयार होता. बरणी वेगळी, झाकण वेगळे, ऊब वेगळी, वर रोजचे थुंकीचे तुषार. एवढ्या फरकांतून दोष शब्दांनाच कसा द्यायचा?

इटलीतल्या फ्रांचेस्को रेदी या वैद्याने १६६८ मध्ये हीच अडचण बरण्यांनीच सोडवली होती. सडलेल्या मांसातून अळ्या आपोआप जन्मतात, असा तेव्हाचा समज होता. त्याने काही बरण्या उघड्या ठेवल्या, काही बंद केल्या. अळ्या उघड्या बरण्यांतल्या मांसावरच झाल्या. यावर आक्षेप शक्य होता, की बंद बरणीत हवाच गेली नाही. म्हणून त्याने आणखी बरण्यांच्या तोंडावर विरळ कापड बांधले, म्हणजे हवा आत जाईल पण माशी जाणार नाही. माश्या कापडावर घोंघावत राहिल्या आणि आतल्या मांसात अळ्या झाल्या नाहीत. बाकी सारे सारखे ठेवून शंका असलेली एकच गोष्ट बदलायची, हे सातवीच्या मुलाला या एका गोष्टीतून कळते; भाताच्या संदेशातून नेमके उलटे कळते.

दुसरी मेख मोजणीची. अगदी सारख्या दोन बरण्या ठेवल्या तरी एक आधी खराब होणारच. शंभर घरांनी हा खेळ केला तर सुमारे पन्नास घरांत निव्वळ योगायोगाने शिव्यांची बरणी आधी जाईल, आणि गटावर फोटो येतील ते त्याच पन्नास घरांचे. उरलेले लोक आपलेच काही चुकले असे समजून भात टाकून देतात.

मुलाने हाताने काहीतरी केले, हे मला मोलाचे वाटते, म्हणून प्रकल्प रद्द न करता आम्ही तो नव्याने मांडला. एकाच पातेल्यातला भात, एकसारख्या, उकळत्या पाण्यातून काढलेल्या दहा बरण्या, प्रत्येकीत मोजून चार चमचे. बरण्यांवर फक्त आकडे, आणि कोणत्या पाचांना शिव्या द्यायच्या ते चिठ्ठ्या टाकून ठरवले. ‘खराब’ कशाला म्हणायचे ते आधीच वहीत लिहिले. झाकण कोणीही उघडायचे नाही आणि वास घ्यायचा नाही, कारण शिजवल्यावरही टिकणारे काही जिवाणूंचे बीजाणू भातात असू शकतात. शेवटी बरण्या न उघडताच टाकायच्या. फरक दिसला नाही तर काय लिहायचे, असे वहिनीने विचारले. तसेच लिहायचे, असे मी सांगितले.

रोजची पाहणी शेजारच्या काकू करणार आहेत, त्यांना यादी माहीत नाही. शिव्या २, ३, ६, ७ आणि १० या बरण्यांच्या वाट्याला आल्या आहेत. इथे लिहायला हरकत नाही, काकूंकडे स्मार्टफोन नाही.