आधी पाण्याची वाट काढा, मग ढिगारा घाला

कोळसा खाणीच्या कचऱ्याचा डोंगर घसरला की कारण ठरलेलं असतं: अतिवृष्टी. मला हे वाचून दर वेळी संताप येतो. पाऊस पडणारच. त्या पाण्याला वाट कुणी आणि कुठे ठेवली होती, हे विचारा.

वेल्समधलं अ‍ॅबरफॅन आठवा. २१ ऑक्टोबर १९६६, सकाळी सव्वानऊच्या सुमारास सात नंबरचा ढिगारा सुटला आणि खालच्या शाळेवर आला. १४४ जीव गेले, त्यात ११६ मुलं. हा ढिगारा १९५८ पासून झऱ्यावर रचला जात होता. पाणी नकाशावरही दाखवलेलं होतं, आणि शाळेच्या वर काय साठतंय याबद्दल तक्रारीही आधीच गेल्या होत्या. चौकशीत ठपका खाण चालवणाऱ्या राष्ट्रीय कोळसा मंडळावर आला. तरी उरलेले ढिगारे हटवण्यासाठी दुर्घटनाग्रस्तांसाठी जमलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले गेले. ते परत मिळायला १९९७ उजाडलं.

ढिगाऱ्यातल्या फटींत पाणी कोंडलं की आतला दाब वाढतो आणि दगडमातीची एकमेकांवरची पकड सुटते. वर्षानुवर्षं उभा असलेला उतार मग काही मिनिटांत चिखलासारखा वाहतो. वरून पडणारं पाणी निदान दिसतं. खालून येणारा झरा, गाडला गेलेला जुना ओढा दिसत नाही, म्हणून मला त्याची जास्त भीती वाटते. पहिला ट्रक रिकामा होण्याआधी ओढा वळवलाच पाहिजे. झऱ्याचं पाणी बाहेर काढायला तळाशी टणक दगडाचा निचरा थर हवा. तिथे शेल, म्हणजे पापुद्र्यांचा मऊ खडक, वापरला तर तो भिजून भुगा होतो आणि वाट बुजते.

बाकीचं काम सगळ्यांना माहीत असतं. वरच्या अंगाला चर, भोवती गारलँड ड्रेन (ढिगाऱ्याला वळसा घालणारा चर), आतल्या बाजूला किंचित उतार दिलेले बेंच (ढिगाऱ्याच्या रुंद पायऱ्या), पाणी खाली उतरवायला पक्की नाली, पायथ्याला टो वॉल म्हणजे आधारभिंत, शेवटी गाळ बसवायचं तळं. पण बाहेरचं स्वच्छ पाणी आणि ढिगाऱ्यातून झिरपलेलं पाणी एकाच चरात सोडलेलं असतं, हे मला अजिबात पटत नाही. कचऱ्यातल्या पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाला हवा आणि पाणी मिळालं की आम्ल तयार होतं, लोह सुटतं, ओढ्याचा तळ नारिंगी होतो. त्यात स्वच्छ पाणी मिसळलं की शुद्ध करायचं पाणीच वाढवून ठेवलं.

आणि चर साफ कोण करणार? गाळाने तुंबलेला चर आजूबाजूचं पाणी गोळा करून एकाच जागी ढिगाऱ्यात मुरवतो. म्हणजे ज्यासाठी खणला त्याच्या नेमकं उलट. फेब्रुवारी २०२० मध्ये वेल्समध्येच टायलर्सटाउनचा जुना ढिगारा वादळी पावसात घसरला, नोव्हेंबर २०२४ मध्ये कुमटिलरीचा. तिथल्या खाणी कधीच्याच बंद झालेल्या. खाण थांबते, पाणी थांबत नाही.

उतारावर लावलेल्या झाडांचे फोटो सगळीकडे दिसतात. झाडं हवीतच, धूप कमी होते. पण आत खोलवर कोंडलेल्या पाण्याचं मुळं काय करणार? मला पावसाआधी उपसलेल्या चराचा फोटो दाखवा, आतली पाण्याची पातळी मोजणाऱ्या पिझोमीटरची नोंदवही दाखवा. ती नोंदवही खालच्या वस्तीलाही बघता आली पाहिजे. आणि खाण बंद करायची परवानगी मागणाऱ्याने चरांच्या पुढच्या देखभालीचे पैसे आधी वेगळे काढून ठेवावेत, कोण कधी तपासणार ते लिहून द्यावं. तोवर परवानगी देऊ नये.