करार संपला म्हणून मालकाला कुलूप बदलता येत नाही

‘अकरा महिन्यांचा करार संपला की भाडेकरू घुसखोर. मालकाने कुलूप बदलावे, वीज-पाणी तोडावे. मामला दिवाणी, पोलीस येणार नाहीत. करार नोंदवलेला नसेल तर भाडेकरूला कोर्टातही जाता येत नाही.’ महाराष्ट्रातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरणारा हा मजकूर वाचून माणसे घाबरतात आणि रातोरात घर सोडतात. यातला एकही मुद्दा कायद्यात बसत नाही.

‘करार संपला, कुलूप बदला.’ राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता ठरावीक मुदतीपुरत्या परवानगीवर, दिलेले घर मुदतीनंतर सोडावे लागते, हे खरे. पण ते परत मिळवण्याचा रस्ता महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 मध्ये आहे: मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे (या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करायचा, आदेश मिळवायचा. ताबा स्थिर असेल तर राहण्याचा हक्क संपलेल्या माणसालाही कायद्याच्या मार्गानेच बाहेर काढता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली स्पष्ट केले आहे.

परस्पर बाहेर काढले तर विशिष्ट अनुतोष अधिनियम (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट), 1963 च्या कलम 6 खाली दिवाणी दावा लावा. मालकी कोणाची हा प्रश्न तिथे येत नाही. ताबा तुमचा होता आणि तो संमतीशिवाय, कायदा डावलून काढून घेतला, एवढे दाखवायचे. मुदत मात्र बाहेर काढल्यापासून सहा महिन्यांची आहे, आणि पोलिसांत अर्ज दिला म्हणून ती थांबत नाही. पुष्कळ दावे इथेच बुडतात. अर्थात मुदतीनंतरचे राहणे फुकट नसते: लायसन्सवर दिलेल्या घरासाठी मालक ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो.

‘वीज-पाणी तोडता येते.’ भाडेकरूच्या बाबतीत भाडे नियंत्रण अधिनियमाचे कलम 29 याला थेट मनाई करते. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई हे सगळे त्यात येते. मालकाने बिल थकवले आणि त्यामुळे वीज कंपनीने जोडणी तोडली, तरी ती मालकानेच तोडली असे धरतात. मुंबईत लघुवाद न्यायालयात अर्ज करायचा. इमारतीतले सगळे भाडेकरू मिळून एकच अर्ज करू शकतात, आणि चौकशी संपण्याआधीच अंतरिम आदेश मागता येतो. तो पहिल्याच अर्जात मागा, कारण खरे बळ त्यातच आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आजच्या भाड्यांपुढे हा दंड किरकोळ आहे आणि तो वाढायला हवा.

याच कलमातली कमी ठाऊक असलेली तरतूद सांगायलाच हवी. मालकाने पुरवठा रोखला असेल, तर भाडेकरू महापालिकेकडे किंवा संबंधित यंत्रणेकडे स्वतः अर्ज करू शकतो आणि मालकाच्या ना-हरकत पत्राचा आग्रह न धरता ती यंत्रणा पुरवठ्याची परवानगी देऊ शकते. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला हे माहीत नसते. अर्जात ‘कलम 29, पोटकलम 7’ असे लिहा आणि पोच घ्या.

इथे एक चूक फार महाग पडते. पाणी तोडले म्हणून भाडे थांबवू नका. याच अधिनियमाच्या कलम 15 चे संरक्षण भाडे देणाऱ्याला आणि द्यायला तयार असणाऱ्याला आहे. मालक घेत नसेल तर बँकेतून पाठवा. परत आले तर त्याचीही नोंद ठेवा. थकबाकी झालीच, तर लेखी मागणीनंतर नव्वद दिवस उलटल्याशिवाय मालकाला त्या कारणावर दावा लावता येत नाही.

लायसन्सवर राहणाऱ्यांनी कलम 29 वर विसंबू नये. ते ‘भाडेकरू’साठी आहे. त्यांनी दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मागावा.

‘नोंदणी नाही, तर हक्क नाही.’ उलट आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 55 नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, मुदत अकरा महिन्यांची असली तरी. नोंदणी केली नाही, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात. ते खोटे ठरवायचे काम मालकाचे.

‘पोलीस काही करू शकत नाहीत.’ ताब्याचा वाद दिवाणी आहे, हे खरे. पण धमकी, घरात घुसणे, वाट अडवणे हे भारतीय न्याय संहितेखालचे गुन्हे आहेत, आणि गृहअतिक्रमणात प्रश्न ताब्याचा असतो. घुसणारा मालक असला म्हणून सुटत नाही. म्हणून तक्रारीत ‘मालक त्रास देतो’ असे मोघम लिहू नका. तारीख, वेळ, कोण आले, काय बोलले, कोणते कुलूप तोडले, हे क्रमाने लिहा. फोटो आणि मीटरचे चित्र जोडा. दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) असूनही ठाण्यात नोंद घेतली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम 173, पोटकलम 4 प्रमाणे तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालयाच्या हद्दीत उपायुक्तांना, टपालाने पाठवा आणि पावती जपा.