शोषखड्डा 'एकदा केला की झालं' हे खरं नाही

पावसाळा तोंडावर आला की सोसायट्यांच्या ग्रुपवर पावसाचं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्याबद्दल एक मजकूर फिरतो: "तळाला दगड, मधे खडी, वर वाळू, थरांमध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं कापड). मग शोषखड्ड्याला वीस वर्षं हात लावायला नको. गाळकुंडी असेल तर गाळ येतच नाही. तुंबलाच तर पाइपने जोरात पाणी मारा. जमीन कुठलीही चालते." यातली दगड-खडी-वाळूची मांडणी तेवढी बरोबर आहे.

हात लावायला नको?
हिशेब करा. २०० चौरस मीटर फरसबंद अंगण, पुण्यासारखा वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस, त्यातलं ८० टक्के पाणी खड्ड्यात. झाले १,१२,००० लिटर. लिटरमागे २०० मिलिग्रॅम गाळ धरला तर एका पावसाळ्यात २२ किलो. दीड बाय दीड मीटरच्या खड्ड्यात त्याचा ७-८ मिमीचा थर बसतो. दिसायला किरकोळ, पण ताशी १ मिमी पाणी सोडणारा ८ मिमी चिकण गाळ हा ताशी ३०० मिमी सोडणाऱ्या २.४ मीटर वाळूइतका अडथळा करतो. वाळू सगळ्यात वर ठेवतात ती गाळ तिथेच थांबावा आणि खरवडता यावा म्हणूनच. साफसफाई रचनेतच धरलेली आहे.

गाळकुंडी हवीच, पण ती जाड रेती आणि पालापाचोळा अडवते. २ मायक्रॉनचा चिकणमातीचा कण ३० सेंमी खाली बसायला जवळपास एक दिवस घेतो. भर पावसात पाणी कुंडीत तेवढं थांबतच नाही.

जिओटेक्स्टाइल बाजूंना लावा, माती आत ढासळत नाही. वाळूखाली आडवं अंथरलं तर त्याचीच छिद्रं बुजतात आणि ते काढायला वरची सगळी वाळू उपसावी लागते.

जोरात पाणी मारणं तर नुकसानच करतं. वर साचलेला बारीक गाळ खाली खडीत आणि मुरमाच्या भेगांत जातो, जिथे हात पोचत नाही. खड्डा उन्हात पूर्ण सुकू द्या. गाळाला तडे जाऊन पापुद्रे सुटतात, शेवाळाचा थरही मरतो. ते पापुद्रे आणि खालची ३-५ सेंमी वाळू काढा, धुतलेली वाळू पसरा.

जमीन कुठलीही चालत नाही. काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी जवळजवळ थांबतं. खाली मुरूम लागेपर्यंत खणा. जेसीबीच्या बकेटने भिंती घासून गुळगुळीत झाल्या असतील तर टिकावाने खरवडा. बांधकाम चालू असताना खड्ड्याचं तोंड बंदच ठेवा. सिमेंटचं पाणी आणि उघड्या मातीचा गाळ एका हंगामात नवा खड्डा निकामी करतो.

दरवर्षी मे महिन्यात खड्डा पाण्याने भरा, मोजपट्टी लावून तासाला पाणी किती उतरतं ते लिहून ठेवा. आकडा गेल्या वर्षीच्या निम्म्यावर आला, किंवा ४८ तासांनंतरही पाणी उरलं, तर पावसाआधी वरचा थर काढा.