‘पैलवानाला डॉक्टर कशाला?’ या मेसेजला उत्तर

‘एमबीबीएस झालेल्या मुलांच्या पालकांनो, सावध व्हा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या कोल्हापुरात ग्रुपवरून ग्रुपवर फिरतोय. त्याचा सारांश असा. स्पोर्ट्स मेडिसिन (क्रीडावैद्यक) नावाची डिग्री भारतात नाहीच. असली तरी त्यात मालिश आणि पट्ट्या बांधणं शिकवतात. उपयोग काय तो क्रिकेटवाल्यांना. हौसच असेल तर परदेशात एक वर्षाची एमएससी करावी, तेवढ्यावर तज्ज्ञ म्हणून पाटी लावता येते. आणि शेवटी, ठळक अक्षरांत: पैलवानाला डॉक्टर लागत नाही, वस्ताद पुरेसा आहे. वजन उतरवायचं तर पाणी बंद, प्लॅस्टिकचा सूट आणि मेडिकलमधून लघवीची एक गोळी. दाखला म्हणून विनेश फोगाट, ‘एवढे डॉक्टर असून 100 ग्रॅम उतरले नाहीत’, आणि अमन सेहरावत, ‘एका रात्रीत साडेचार किलो उतरवले आणि मेडल आणलं’.

मला हा मेसेज पाठवला माझ्या दाजींनी. भाचीची इंटर्नशिप संपत आलीय, नीट-पीजी या प्रवेश परीक्षेनंतर एमडी स्पोर्ट्स मेडिसिनसाठी प्रयत्न करायचं तिनं ठरवलंय. दाजी स्वतः तरुणपणी तालमीत घुमलेले. मेसेजखाली त्यांनी लिहिलं होतं, ‘तू डॉक्टर आहेस, तूच समजाव पोरीला.’ पोरीला समजावण्यासारखं काही नाही. ज्यांनी हा मेसेज न वाचता पुढे ढकलला त्यांच्यासाठी हे लिहितेय, आणि शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतेय, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फार तर कुणाचं करिअर चुकेल, या मुद्द्यानं पोरं मरतात.

माझ्या दवाखान्यात स्पर्धेच्या दिवसांत अशी मुलं येतात. परवा आलेला मुलगा अजून मिसरूड न फुटलेला. दोन मित्रांनी बखोटीला धरून आणला. शर्टाच्या आत कचऱ्याची काळी पिशवी, डोकं आणि हातांपुरती भोकं पाडलेली. जीभ चामड्यासारखी, ओठांच्या कडा फाटलेल्या, पोटऱ्यांत गोळे आलेले, आणि एका हातात थुंकायची बाटली, कारण थुंकीनंही वजन उतरतं असं त्याला सांगितलेलं. आदल्या दुपारपासून पाण्याचा थेंब नाही. ‘मॅडम, सलाईन नको, उद्या वजन आहे,’ एवढं एकच तो सांगत होता. त्या मुलाला कुणी वाईट हेतूनं तसं करायला लावलं नव्हतं. सांगणाऱ्यांनी स्वतःच्या वेळी तेच केलं होतं आणि ते वाचले होते.

घामानं अंग गार होतं ते घाम वाळतो म्हणून. प्लॅस्टिकच्या आत घाम वाळतच नाही, नुसता गळतो. काटा खाली येतो आणि उष्णता अंगातच कोंडते. पाणी बंद असल्यानं रक्तातलं पाणी कमी होतं, हृदयाला तेवढंच काम कमी रक्तावर करावं लागतं, कातडीकडे जाणारा रक्तपुरवठा आटतो, म्हणजे उष्णता बाहेर टाकायचा उरलेला रस्ताही बंद. पुढे स्नायू विरघळायला लागतात आणि त्यांचा चोथा मूत्रपिंडात अडकतो. अशा शरीरात लघवीची गोळी घातली की पाण्याबरोबर पोटॅशियम जातं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. वस्तादाची नजर कितीही तयार असली तरी पोटॅशियम नजरेला दिसत नाही.

हे खरंच घडतं का, असं विचारणाऱ्यांनी एक अहवाल वाचावा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या साप्ताहिकात तो फेब्रुवारी 1998 मध्ये छापून आला. नोव्हेंबर आणि डिसेंबर 1997 मध्ये, साधारण एका महिन्याच्या अंतरात, तिथले तीन कॉलेज पैलवान वजन उतरवताना मेले. वयं 19, 22 आणि 21. तिघंही वेगवेगळ्या राज्यांतले, एकमेकांशी संबंध नसलेले. तिघांची पद्धत मात्र एकच: पाणी तोडलेलं, अंगात वाफ बाहेर न जाऊ देणारा सूट, तापवलेल्या जागेत जोराचा व्यायाम. म्हणजे गोळी सोडली तर आपल्या मेसेजमधलीच पद्धत.

त्यातल्या 22 वर्षांच्या मुलाची हकिकत दाजींना मी फोनवर वाचून दाखवली. त्याला त्या दिवशी फक्त चार पौंड उतरवायचे होते, दोन किलोसुद्धा नाहीत. पहाटे साडेपाचला सूट घालून सुरुवात केली. तासाभरात धाप लागते म्हणाला, पण थांबला नाही. नऊ वाजायच्या सुमाराला साडेतीन पौंड उतरले होते. पेलाभर पाणी प्यायला, अर्धा तास बसला आणि उरलेल्या अर्ध्या पौंडासाठी पुन्हा उठला. थोड्याच वेळात बरं वाटत नाही म्हणून थांबला, आणि हृदय बंद पडलं. अर्धा पौंड म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम.

त्यानंतर अमेरिकेच्या कॉलेज कुस्तीनं नियमच बदलले. सॉना (घाम काढायची तापवलेली खोली) बंद, रबरी सूट बंद, लघवीच्या गोळ्या बंद, वजनकाटा लढतीच्या अगदी जवळ आणला, आणि कुणी कुठल्या गटापर्यंत खाली उतरायचं ते हंगामाच्या सुरुवातीला अंगातली चरबी आणि पाणी तपासून ठरवायचं. तीन पोरं गेल्यावर सुचलेलं शहाणपण आहे ते. आपल्याला ते आयतं मिळतंय तर घ्यावं.

आता अमन. पॅरिसला 2024 मध्ये उपांत्य लढतीनंतर त्यानं रातोरात साडेचार किलोच्या वर वजन उतरवलं आणि 57 किलोत कांस्य जिंकलं, हे खरं आहे. मान्य करते. पण तो अनुभवी मल्ल, रात्रभर प्रशिक्षक बाजूला, मध्येमध्ये थांबवून तपासणारी माणसं हाताशी. आणि त्याहून महत्त्वाचं, ज्याचं जमलं त्याचीच गोष्ट फॉरवर्ड होते. त्या तीन अमेरिकन पोरांनीही आधी वजनं उतरवलेली होती, तेव्हा जमलं होतं.

विनेशचा दाखला तर उलटाच पडतो. ती मुळात 53 किलोत खेळणारी. तिथली जागा दुसऱ्या मल्लाला गेली म्हणून 50 किलोत उतरली. पहिल्या दिवशी सकाळी वजनात बसली, तीन लढती जिंकली, खाणंपिणं झाल्यावर वजन 2.7 किलोनं वर गेलं. रात्रभर पाणी नाही, सॉना, व्यायाम, शेवटी केस कापले, कपडे आखूड केले. मेसेज सांगतो तसं पाणी तोडून, घाम गाळून झालं, आणि तरी 100 ग्रॅम उरले. शरीर ‘आता नाही’ म्हणतं ती जागा हीच. तो प्रश्न त्या रात्रीचा नव्हता, वजनगट निवडला तेव्हाचा होता, आणि वजनगट निवडताना कुणाचं ऐकायचं हाच या सगळ्या वादाचा मुद्दा आहे.

‘आपल्या मातीतल्या जुन्या मल्लांना कुठे होते डॉक्टर?’ असंही मेसेजमध्ये आहे. खाशाबा जाधवांचं नाव घेतलंय, तर त्यांचीच कुंडली बघू. राजाराम कॉलेजचा हा विद्यार्थी 1948 ला लंडनला 52 किलोत खेळला आणि सहावा आला. 1952 ला हेलसिंकीला कांस्य मिळालं ते 57 किलोत. वरच्या गटात. ज्यांच्या नावानं पोरांना उपाशी मारायचं चाललंय, त्यांचं पदक खालच्या गटात उतरून आलेलं नाही.

आणि ती पाच-दहा रुपयांची गोळी. फ्युरोसेमाइडसारखी लघवीची औषधं वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत आहेत, स्पर्धेच्या दिवशीही आणि एरवीही, कारण त्यांनी दुसरी औषधं लघवीतून लपवता येतात. नमुन्यात औषध सापडलं की ‘वस्तादांनी दिली’, ‘मेसेजमध्ये वाचलं’ हे ऐकून घेत नाहीत, अंगात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूचीच. तालमीत पाच-सहा वर्षं घालवलेल्या, बापानं म्हैस विकून खुराक पुरवलेल्या पोराचं नाव एका गोळीनं बंदीच्या यादीत जातं. मेसेज लिहिणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्यानं लिहू नये, माहीत असेल तर त्यानं गुन्हा केलाय.

भाचीला तीन वर्षं शिकायचंय ते हेच: कुणाला उतरवायचं नाही हे कशावरून ठरवायचं, आणि ते संघाचा मालक, वस्ताद, बाप सगळे समोर उभे असताना कसं सांगायचं.

बाकीचे मुद्दे आता भराभर घेते.

डिग्री नाही म्हणे. एमडी स्पोर्ट्स मेडिसिन ही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदव्यांच्या यादीत आहे. एमबीबीएसनंतर नीट-पीजीतून प्रवेश, तीन वर्षं, प्रबंध, परीक्षा, इतर कुठल्याही एमडीसारखंच. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, हा विभाग आहे, कोल्हापूरपासून चार-पाच तासांवर. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत डॉक्टरांसाठी दोन वर्षांची पदविका कितीतरी वर्षं चालत आलेली आहे. 

मालिशचं काम म्हणे. मालिश करणाऱ्याला कमी लेखायचं कारण नाही, आणि फिजिओथेरपिस्टला तर मुळीच नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या खेळाडूला पुन्हा मैदानावर उभा करण्यात त्यांचे महिनोन्‌महिने जातात. पण कामं वेगळी आहेत. शाहू स्टेडियमवर पेठेच्या फुटबॉल सामन्यात दोन पोरांची डोकी हवेत आपटली, एक जण खाली पडला, उठला तेव्हा स्कोअर काय हे त्याला सांगता येईना. आपल्याकडे काय होतं? तोंडावर पाणी मारतात, पाठ थोपटतात, गॅलरीतून शिट्ट्या वाजतात आणि तो परत आत जातो. मेंदूला धक्का बसल्याचा नुसता संशय असला तरी त्या दिवशी खेळाडू परत उतरत नाही, हा आज जगभर मान्य झालेला नियम आहे. नंतरही टप्प्याटप्प्यानं, प्रत्येक टप्प्याला किमान 24 तास देऊन परतायचं. कधी स्कॅन काढायचा, कधी घरी पाठवायचं, छातीत कळ आलेल्या मुलाचा ईसीजी सरावामुळे वेगळा दिसतोय की हृदयाचा जन्मजात आजार आहे, हृदयाला शॉक देणारं यंत्र (डिफिब्रिलेटर) कुठे ठेवायचं, रुग्णवाहिका कुठल्या गेटनं आत घ्यायची, हे सगळं डॉक्टरचं काम आहे आणि ते शिकावं लागतं. युरो फुटबॉल स्पर्धेत 2021 ला डेन्मार्कचा एरिक्सन भर मैदानात कोसळला आणि आज जिवंत आहे तो पहिल्या काही मिनिटांत छाती दाबणारे आणि शॉक देणारे तयार होते म्हणून.

तालमीतल्या रोजच्या गोष्टी घ्या. कानात साचलेलं रक्त पहिल्या काही दिवसांत काढून दाबून बांधलं तर कान मोडत नाही. मोडलेला कान ही पैलवानाची शान, हे मलाही ठाऊक आहे, पण ते त्या पोरानं ठरवावं, उपचार माहीत नव्हता म्हणून व्हायला नको. नायटा आणि हर्पिसचे फोड एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातात, पुरळ असलेल्या मुलाला हौद्यापासून किती दिवस लांब ठेवायचं हेही कुणीतरी ठरवायला हवं.

फक्त क्रिकेटवाल्यांसाठी? दिल्लीत सफदरजंग रुग्णालयाचं स्पोर्ट्स इंज्युरी सेंटर 2010 मध्ये राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी सुरू झालं, ते सरकारी आहे. आणि या विषयाचा अर्धा भाग खेळाडूंचा नाहीच. मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा झटका येऊन गेलेली माणसं, गुडघे धरलेल्या आज्या, यांना व्यायाम औषधासारखा मोजून कसा द्यायचा हाही त्याच अभ्यासाचा भाग. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. रंकाळ्यावर रोज फेऱ्या मारणाऱ्या किती जणांना तो दुसरा भाग कुणी सांगितलाय?

परदेशी एमएससीचा मुद्दा मात्र नीट वाचा, कारण इथं पालकांचे पैसे बुडतात. ब्रिटनमध्ये स्पोर्ट अँड एक्सरसाइज मेडिसिन 2005 पासून स्वतंत्र वैद्यकीय शाखा आहे, तिथल्या विद्यापीठांतली एमएससीही चांगली असते. पण ती अभ्यासाची पदवी आहे. तिथंही तिच्या जोरावर कुणी तज्ज्ञ होत नाही. त्यासाठी आधीची रुग्णालयातली वर्षं आणि मग या शाखेचं चार वर्षांचं वेगळं प्रशिक्षण लागतं. कित्येक एमएससींना फिजिओथेरपिस्टही प्रवेश घेतात. ती करून इथं आलात तर ज्ञान वाढलेलं असेल, एमडी झालेलं नसेल.

मेसेजच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. जागा फार थोड्या आहेत, बहुतेकांना घर सोडून लांब जावं लागतं, आणि परत आल्यावर कोल्हापुरात फक्त याच विषयावर दवाखाना चालवणं आज अवघड आहे. पहिली काही वर्षं ऑर्थोपेडिकवाल्यांच्या बरोबरीनं कमाई होणार नाही. हे भाचीला माहीत आहे, मी लपवलेलं नाही. पण कुस्ती, फुटबॉल, नेमबाजी, पोहणं असं सगळं असलेल्या या जिल्ह्यात हे डॉक्टर कमी आहेत, यावर उपाय म्हणून पोरांना तिकडे जाऊच नका म्हणायचं?

ज्यांना खरंच प्रवेश घ्यायचाय त्यांनी जाहिरातीतल्या नावावर जाऊ नये. ‘स्पोर्ट्स मेडिसिन’ या नावाखाली तीन महिन्यांची ऑनलाइन प्रमाणपत्रंही विकली जातात. अभ्यासक्रमाला प्रवेश कुणाला मिळतो, तो वैद्यकीय आयोगाच्या यादीत आहे का, आणि तीन वर्षांत प्रत्यक्ष किती खेळाडू आणि रुग्ण तपासायला मिळतात, हे तीन प्रश्न तिथं शिकत असलेल्या एखाद्या निवासी डॉक्टरला फोन करून विचारा.