‘रेड इंडियन मेले, पण गुलाम झाले नाहीत’ : कॅरोलिनाची शिरगणती काय सांगते

हा मजकूर तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात तो असा : ‘गोऱ्यांना अमेरिकेत शेतावर राबायला माणसं हवी होती. आधी त्यांनी रेड इंडियनांना धरून पाहिलं. पण ते स्वाभिमानी. ते मेले, जंगलात पळाले, गुलाम मात्र झाले नाहीत. उरलेसुरले देवीच्या साथीत गेले आणि जमीन रिकामी झाली. मग गोऱ्यांनी आयरिश लोकांना गुलाम केलं. शेवटी आफ्रिकेतून माणसं आणली. ती अडाणी, पण काटक होती. मुकाट्याने जुंपली गेली. तात्पर्य, जो मनाने गुलाम नसतो त्याला जगात कोणी गुलाम करू शकत नाही.’

खाली हात जोडल्याची खूण आणि ‘पुढे पाठवा’.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते तात्पर्य. जे गुलाम झाले ते मनानेच गुलाम होते, असा त्याचा सरळ अर्थ होतो. साखळदंडात जन्मलेल्या आणि साखळदंडातच मेलेल्या माणसांबद्दल आपण मराठीत, चहा पिता पिता, असं काही पुढे ढकलतो आहोत याचं वाईट वाटतं. म्हणून सविस्तर लिहितो. अख्खी अमेरिका एका लेखात मावणार नाही. एकच वसाहत घेतो : इंग्रजांची कॅरोलिना, म्हणजे आजच्या दक्षिण कॅरोलिनाची किनारपट्टी. १६६३ मध्ये इंग्लंडच्या राजाने हा मुलूख आठ उमरावांना देऊन टाकला आणि १६७० मध्ये तिथे वस्ती झाली.

सुरुवात कागदापासून करू. १७०८ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या गव्हर्नरने आणि त्याच्या कौन्सिलने लंडनला वसाहतीची शिरगणती पाठवली. एकूण माणसं ९,५८०. त्यात गोरे ४,०८०. आफ्रिकन गुलाम ४,१००. आणि इंडियन, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, गुलाम १,४००. त्यांचा हिशेबही दिलेला आहे : पुरुष ५००, बायका ६००, मुलं ३००.

‘गुलाम झाले नाहीत’ म्हणतात ती माणसं ही. दर सात माणसांत एक. शिवाय पाचच वर्षांपूर्वी, १७०३ मध्ये, हा आकडा ३५० होता. पाच वर्षांत चौपट.

आणि हे फक्त वसाहतीत ठेवून घेतलेले लोक. बाकीचे गलबतांत भरून बाहेर पाठवले जात : बार्बाडोस, जमैका आणि उत्तरेकडच्या इंग्लिश वसाहती. इतिहासकार ॲलन गॅले यांच्या अंदाजाप्रमाणे १६७० ते १७१५ या काळात अमेरिकेच्या दक्षिण भागातून इंग्रजांच्या व्यापारात २४ हजार ते ५१ हजार मूळ रहिवासी गुलाम म्हणून विकले गेले. या काळात वसाहतीचं मुख्य गाव असलेल्या चार्ल्सटाउनच्या बंदरात जेवढे आफ्रिकन उतरले, त्याहून जास्त इंडियन तिथून बाहेर गेले, असं त्यांचं म्हणणं आहे. उत्तरेकडे तर हे लोक इतके पोचले की मॅसॅच्युसेट्सने १७१२ मध्ये इंडियन गुलाम बाहेरून आणायला बंदी घालणारा कायदा केला. जी माणसं गुलाम झालीच नाहीत, त्यांची आयात कायद्याने कशाला थांबवावी लागेल?

‘जंगलात पळाले’ यात तथ्य आहे, पण त्यातून निघतं ते वेगळंच. ज्याला आपल्या मुलखाची वाट न वाट माहीत आहे तो पळणारच. हे व्यापाऱ्यांनाही कळत होतं, म्हणून तर त्यांनी इथला माणूस गलबतात घालून समुद्रापार विकला आणि त्या पैशांतून समुद्रापारचा माणूस आणला. बार्बाडोसच्या ऊसमळ्यात उतरवलेली ‘यामासी’ किंवा ‘अपालाची’ जमातीतली बाई पळून जाणार कुठे? आफ्रिकन माणसाची कॅरोलिनात नेमकी हीच गत होती. एकाला स्वाभिमान आणि दुसऱ्याला नाही, असा हा प्रश्नच नव्हता. दोघांच्याही पायाखालची ओळखीची जमीन मुद्दाम काढून घेतलेली होती.

आता गोऱ्यांच्या बचावासाठी जो मुद्दा येतो तो. ‘त्यांच्या त्यांच्यातच वैर होतं, एक जमात दुसरीला विकत होती, गोऱ्यांनी फक्त विकत घेतलं.’ विकत होते हे खरं आहे. लपवण्यासारखं काही नाही. पण बाजार कोणी मांडला ते बघा.

१६७४ मध्ये हेन्री वुडवर्ड नावाचा इंग्रज सव्हाना नदीकाठच्या वेस्टो लोकांकडे गेला आणि सौदा ठरला : हरणाची कातडी आणि धरलेली माणसं द्या, बंदुका आणि दारूगोळा घ्या. किनाऱ्यावरच्या ज्या जमातींकडे बंदुका नव्हत्या, त्यांच्यावर वेस्टो तुटून पडले. सहा वर्षांनी, १६८० मध्ये, वसाहतीतल्या दुसऱ्या व्यापारी टोळक्याला वेस्टोंशी होणाऱ्या व्यापाराचा हा मक्ता नकोसा झाला. त्यांनी सव्हाना नावाच्या दुसऱ्या जमातीला हाताशी धरून वेस्टोंवरच युद्ध पुकारलं. हाती सापडलेले वेस्टो वेस्ट इंडीजला विकले. तीन वर्षांत त्या जमातीची जेमतेम पन्नास माणसं शिल्लक असल्याची नोंद आहे. काल ज्याच्या हातात बंदूक दिली, आज तोच माल. लंडनमध्ये बसलेल्या उमरावांनीसुद्धा १६८३ मध्ये पत्र लिहून झापलं होतं की ही युद्धं तुम्ही गुलामांच्या धंद्यासाठी लावता.

टॉमस नेर्न हा वसाहतीचाच अधिकारी, इंडियन लोकांशी होणारा व्यवहार सांभाळणारा. १७०८ मध्ये त्याने चिकासॉ लोकांबद्दल लिहून ठेवलंय की एक माणूस धरून आणला की बंदूक, दारूगोळा, घोडा, कुऱ्हाड आणि कपड्यांचा एक जोड मिळतो. एवढं मिळवायचं तर शिकारीत किती काळ घालवावा लागेल. आता शेजारच्या जमातीकडे बंदूक आहे आणि तुमच्याकडे नाही, अशी कल्पना करा. बंदूक हवी तर कातडी किंवा माणूस पाहिजे. माणूस नाही आणला, तर उद्या तुमचीच बायकामुलं कोणाच्या तरी बंदुकीची किंमत म्हणून जाणार. हे ‘आपापसातलं वैर’ इंग्रज येण्याआधी या मापाचं नव्हतं.

शिवाय उधारी. व्यापारी कापड, रम, बंदुका उधार देत आणि वसुलीला माणसं उचलत. १७११ पर्यंत यामासी लोकांच्या डोक्यावर एक लाख कातड्यांचं कर्ज चढलं होतं. हरणं संपत आलेली, विकायला शत्रू संपत आलेले. १७०४ मध्ये माजी गव्हर्नर जेम्स मूर पन्नास गोरे आणि हजारभर इंडियन साथीदार घेऊन स्पॅनिश फ्लोरिडातल्या अपालाची गावांवर गेला होता. तिथली गावंच्या गावं उठवून झाली होती. मग १७०८ च्या त्या शिरगणतीसारखीच मोजणी यामासी गावांचीही सुरू झाली. आता आपली पाळी, हे ओळखायला यामासींना कोणी सांगायची गरज नव्हती.

१५ एप्रिल १७१५, गुड फ्रायडे. पोकोटालिगो गावात बोलणी करायला आलेल्या गोऱ्यांवर यामासी पहाटेच उठले. नेर्न त्यातच सापडला आणि हाल होऊन मेला. यामासींच्या मागोमाग इतर अनेक जमाती उठल्या. सुमारे चारशे वसाहतवाले मारले गेले आणि एवढीशी वसाहत बुडण्याच्या काठावर आली. १७१६ मध्ये चेरोकी इंग्रजांच्या बाजूने उतरले म्हणून ती तगली. इंडियन गुलामांचा घाऊक व्यापार बसला तो या युद्धाने, त्यांच्या बंदुकांच्या जोरावर. मजकूर लिहिणाऱ्याला स्वाभिमानाची गोष्टच सांगायची होती, तर ही होती. पण ती सांगायची तर आधी गुलाम झाल्याचं कबूल करावं लागतं.

देवीची साथ खरी. १६९६ नंतरच्या चार वर्षांत तिने त्या भागात हाहाकार केला. पण ती पसरली ज्या वाटांनी, त्या याच व्यापाराच्या वाटा होत्या. धरपकडीच्या भीतीने माणसं तटबंदीच्या गावांत दाटीवाटीने राहत होती, शेतं ओस होती, पोटं रिकामी होती. आणि जमीन रिकामी कधीच नव्हती. १६७० मध्ये इंग्रजांनी वस्तीला जागा निवडली ती कियावा लोकांच्या मुखियाने दाखवलेली.

आयरिशांबद्दल दोन शब्द. इंग्लंडचा राज्यकर्ता क्रॉमवेल याच्या काळात आयरिश माणसं जबरदस्तीने बार्बाडोसला पाठवली गेली, त्यांचे हाल झाले, कित्येक मेली. ते दुःख खोटं नाही. पण ते ठरावीक मुदतीपुरते राबणारे नोकर होते. मुदत संपली की सुटत, आणि त्यांचं मूल जन्मतः कोणाची मालमत्ता नसे. बार्बाडोसने १६६१ मध्ये दोन वेगवेगळे कायदे केले, एक नोकरांसाठी, एक गुलामांसाठी. फरक त्यांनीच कागदावर लिहून ठेवला. कॅरोलिनाचे बरेचसे पहिले मळेवाले बार्बाडोसहूनच आले आणि तो गुलामांचा कायदाही मागोमाग आला. १७०८ च्या शिरगणतीत गोरे नोकर किती? साठ पुरुष, साठ बायका.

‘अडाणी आफ्रिकन’. कॅरोलिना श्रीमंत झाली भातावर. इंग्लंडमध्ये भात पिकत नाही. पश्चिम आफ्रिकेत गांबियापासून खाली सगळीकडे ते शेकडो वर्षं पिकत होतं, भाताची तिथली स्वतःची जात होती. भातशेतीचं किती ज्ञान आफ्रिकेतून आलं यावर अभ्यासक वाद घालतात, घालू देत. पण चार्ल्सटाउनचे व्यापारी जाहिरातीत ‘गांबियाचे’, ‘भाताच्या किनाऱ्यावरचे’ असं मुद्दाम लिहीत, कारण गिऱ्हाईक ते बघून किंमत मोजत होतं. ज्यांनी खाजणशेती पाहिली आहे त्यांना हे काम सांगावं लागणार नाही : दलदलीत कमरेएवढ्या चिखलात उभं राहून बांध घालायचे, भरती-ओहोटीच्या हिशेबाने पाणी आत घ्यायचं आणि सोडायचं. सुरुवातीला बांधातून आरपार पोकळ ओंडका घालत आणि त्याला बूच मारत. पुढे लाकडी झडपा आल्या तरी त्यांना नाव ‘ओंडका’ हेच राहिलं. कापणी झाली की उखळ-मुसळ. दिवसभर शेतात राबून आलेली माणसं अंधार पडल्यावर आणि पहाटे उजाडायच्या आत भात कांडत. पाखडायला गवताच्या वळ्या शिवून केलेली पसरट सुपं. तशाच विणीच्या टोपल्या त्या किनाऱ्यावर त्यांच्या पणतवंडांच्या हातून अजून होतात.

आणि ‘मुकाट्याने’?

९ सप्टेंबर १७३९, रविवार. चार्ल्सटाउनपासून वीसेक मैलांवर स्टोनो नदीच्या पुलाजवळ वीसेक गुलाम जमले, बहुतेक अंगोलाकडून आणलेले. दुकान फोडून बंदुका घेतल्या, निशाण उभारलं, ढोल वाजवत दक्षिणेची वाट धरली. वाटेत माणसं मिळत गेली. त्यांना जायचं होतं स्पॅनिश फ्लोरिडात. तिथल्या सरकारने पळून आलेल्या गुलामांना मोकळीक देण्याचं १६९३ पासून जाहीर केलेलं होतं. संध्याकाळच्या आत गोऱ्यांच्या पलटणीने त्यांना गाठलं. वीसहून अधिक गोरे आणि त्याच्या दुपटीच्या आसपास गुलाम मेले. पुढच्याच वर्षी कायदा आला : गुलामाला लिहायला शिकवणं गुन्हा, ढोल वाजवणं गुन्हा. मुकाट्याने राहणाऱ्यांचे ढोल कोणी काढून घेत नाही.

फ्लोरिडात त्या वेळी मोसे नावाचं मोकळ्या काळ्या लोकांचं गाव होतं, १७३८ मध्ये वसवलेलं. त्याचा कप्तान फ्रान्सिस्को मेनेंदेस, पश्चिम आफ्रिकेतल्या मांडिंगा वंशाचा, एके काळी कॅरोलिनातला गुलाम. १७१५ चं युद्ध पेटलं तेव्हा तो यामासींच्या बरोबरीने लढला. नंतर यामासींसोबतच फ्लोरिडाला गेला. तिथेही त्याला पुन्हा गुलाम म्हणून विकलं गेलं. तो अर्जावर अर्ज करत राहिला, आणि शेवटी गव्हर्नरने त्याला मोकळं केलं. मजकुराने ज्या दोन समाजांना स्वाभिमानाच्या तराजूत समोरासमोर बसवलं, ते १७१५ मध्ये एकाच बाजूने गोळ्या झाडत होते.

मग इंडियन गुलाम गेले कुठे, की आज कोणाला आठवतही नाहीत? त्याचंही उत्तर १७४० च्या त्याच कायद्यात आहे. आफ्रिकन, इंडियन, मिश्र वंशाचा, कोणीही असो, तो गुलामच धरायचा; अपवाद सरकारशी मैत्री असलेल्या इंडियनांचा. बाकी कोणी मोकळा आहे म्हणत असेल तर सिद्ध त्याने करायचं. मूल आईचं. म्हणजे १७०८ च्या शिरगणतीतल्या त्या सहाशे बायकांची मुलं, आणि त्यांची मुलं, जन्मतः गुलाम. त्यांची लग्नं आफ्रिकन गुलामांशी झाली. शिरगणतीतला वेगळा रकाना हळूहळू गळाला, सगळे ‘नीग्रो’ या एका शब्दाखाली गेले. चार्ल्सटाउनच्या वर्तमानपत्रात पळालेल्या गुलामांच्या जाहिराती येत, त्यात अधूनमधून एक शब्द दिसतो, ‘मस्टी’. इंडियन रक्त असलेला गुलाम असा त्याचा अर्थ. पळालेला होता, म्हणून तेवढा कागदावर राहिला.