पिन बसली म्हणजे झालं?

पेन्सिल सेलच्या चार्जरचा अडॅप्टर हरवला, म्हणून मी तो खण उघडला. 'लागेल कधीतरी' असं म्हणत जपलेले अकरा अडॅप्टर एकमेकांच्या गळ्यात वायरी घालून पडले होते. सोडवण्यातच अर्धा तास गेला.

चार्जरच्या पोटावर स्वच्छ लिहिलं होतं : १२ व्होल्ट डीसी, १.५ अँपिअर. अडॅप्टरवरचा मजकूर मात्र काळ्यावर काळा. टॉर्च तिरका धरायचा, फोटो काढायचा, तो मोठा करायचा, मग कळतं, 'फक्त घरात वापरण्यासाठी'. याला फिरायला कोण नेतंय!

"अरे, पिन बसतेय ना? मग लाव की," बायको म्हणाली. पिन काय, लॅपटॉपच्या १९ व्होल्टवाल्याचीही बसत होती.

एक १२ व्होल्टचा सापडला, पण ३ अँपिअरचा. घाबरून बाजूला ठेवला. "बाबा, व्होल्ट जुळायला हवेत. अँपिअर जास्त असले तरी चालतात, चार्जर हवे तेवढेच ओढतो. कमी असले तर अडॅप्टर तापतो," मुलगी म्हणाली. हे तिने मी अर्ध्या अँपिअरवाल्याने बोटं भाजून घेतल्यावर सांगितलं.

३ अँपिअरवाल्याला सन्मानाने परत बोलावलं, तर त्याच्यावरच्या पिनच्या चित्रात मधल्या ठिपक्याला उणे, म्हणजे पिनच्या मध्ये ऋण टोक! चार्जरला मध्ये अधिक हवं. पुढच्यावर नागमोडी रेघ, म्हणजे एसी, बाद. मग एक विटेसारखा जड. त्याला मीटर लावला तर १२ च्या जागी १६. हे जुने ट्रान्सफॉर्मरवाले काम नसताना असेच फुगतात, काम अंगावर पडलं की उतरतात. आमच्या नात्यातही एकदोन आहेत.

शेवटच्याचं सगळं जुळलं. फक्त त्याच्या पिनचं भोक २.५ मिलिमीटरचं आणि चार्जरच्या खाचेतली सुई २.१ ची. बाहेरून दोन्ही ५.५, त्यामुळे आत गेला झोकात. दिवा लागला. मी टेबलावर कोपर टेकलं, दिवा विझला. वायर वाकवून रबरबँडने बांधली आणि श्वास रोखून बसलो. आतून चटचट आवाज आल्यावर मुलीने बटणच बंद केलं.

नवा मागवायला फोन उचलला तर नेट गेलेलं. राउटरची पिन काढून पुन्हा खोचायला वाकलो. त्याच्या अडॅप्टरवर चक्क चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरांत होतं : १२ व्होल्ट, १.५ अँपिअर. खाली चार्जरच्या कंपनीचं नाव.

पिन बसली म्हणून मीच लावला होता.

आता राउटरचा स्वतःचा अडॅप्टर त्या अकरांतला कुठला?