बारीक अक्षर मराठीत हवं

अमेरिकेत जर्सी सिटीत उतरल्यावर पहिल्या आठ दिवसांत भाच्याच्या कार्डातून 21 डॉलर गेले. त्या पैशांत त्यानं साधी पाण्याची बाटलीही घेतलेली नव्हती.

बेळगावात इंजिनिअरिंग करून तो इथं एमएसला आलाय. निघायच्या आधी आक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, एका परकीय चलनाच्या दुकानातून त्याच्यासाठी डॉलर भरलेलं प्रीपेड कार्ड घेतलं. इथं आल्यावर घरच्या सवयीप्रमाणे त्यानं एटीएममधून थोडे थोडे पैसे काढले, चार वेळा वीस-वीस डॉलर. दोनदा मशीनवरच शिल्लक बघितली. दर वेळी पैसे काढताना कार्डवाल्यांनी 2 डॉलर घेतले, मशीनच्या मालकानं 3. शिल्लक बघायचा अर्धा डॉलर, दोनदा. म्हणजे 80 डॉलर हातात पडायला 21 डॉलर खर्च.

मी आक्काला फोन केला. "अगं, कागद वाचला नव्हतास काय?"

"काय वाचू? सगळं इंग्लिशमधलं. आत बसलेला पोरगा मराठीच बोलत होता. म्हणाला, सगळं फ्री आहे आक्का, इथं सही करा. केली."

आक्का बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या मराठी शाळेत शिकलेली. शहापुरात साड्यांचं दुकान सांभाळते, उधारीची वही पैशापर्यंत जुळवते. तिला हिशोब कळत नाही असं म्हणायची कुणाची हिंमत नाही. तिला फक्त तो कागद वाचता आला नाही.

त्याच दिवसांत घरच्या ग्रुपवर पाट्यांचा वाद पुन्हा पेटला होता. कर्नाटकात 2024 च्या दुरुस्तीपासून दुकानाच्या पाटीवर 60 टक्के जागा कानडीला द्यावी लागते, मग मराठी अक्षर केवढं राहणार, कुठं राहणार, यावर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मेसेज येत होते. हा वाद मला परका नाही. 2014 च्या जुलैत येळ्ळूरच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक काढला तेव्हा मी गावातच होते. 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दाव्याच्या तारखा मी इथूनही बघते. पाटीसाठी भांडू नका असं मी कधीच म्हणणार नाही. पण ग्रुपवरच्या चाळीस माणसांपैकी एकानंही विचारलं नाही, की आक्काच्या हातात दिलेला कागद मराठीत का नव्हता.

मी स्वतः 2019 च्या ऑगस्टमध्ये इथं आले. सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, नव्हता, म्हणून बँकेत खातं उघडायला उशीर होत होता. तेवढ्या दिवसांसाठी औषधांच्या दुकानातून एक प्रीपेड कार्ड घेतलं. त्याच्या पाकिटावर, बाहेरूनच दिसेल असा एक चौकोन छापलेला होता. वरच्या भागात मोठ्या अक्षरांत चार आकडे: महिन्याचं शुल्क, प्रत्येक खरेदीचं, एटीएममधून पैसे काढण्याचं, रोख रक्कम भरण्याचं. खाली शिल्लक बघण्याचं, मदतीसाठी फोन करण्याचं, कार्ड न वापरता पडून राहिलं तर लागणारं. आणि आणखी किती प्रकारची शुल्कं आहेत त्यांची संख्या. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून अमेरिकेत हा चौकोन सक्तीचा झाला होता, हे मला नंतर कळलं. याच नियमात असंही आहे, की पाकिटावर किंवा जाहिरातीत मुख्यतः स्पॅनिश वापरलं तर शुल्काचा चौकोनही स्पॅनिशमध्ये द्यावा लागतो.

आक्काला कार्ड मराठीत विकलं गेलं आणि शुल्क इंग्रजीत सांगितलं गेलं. माझा सगळा राग एवढ्यावरच आहे.

आपल्याकडे नियमच नाही असंही नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या निर्देशात प्रीपेड कार्ड आणि वॉलेट देणाऱ्यांनी सगळी शुल्कं आणि मुदत सोप्या भाषेत सांगावी असं आहे. शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत. तो रुपयातल्या कार्डांसाठी. डॉलरची कार्डं फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली येतात, तो निर्देश त्यांना लागू नाही. आणि रुपयाच्या कार्डालाही शब्द आहे 'शक्यतो'. शिवाय बेळगावात 'स्थानिक भाषा' कोणती, हे कोण ठरवणार? कानडी आहेच, असायलाच हवी. पण खानापूर, निपाणी, येळ्ळूरच्या गिऱ्हाइकाशी ज्या भाषेत बोलून सही घेतली जाते, ती भाषा स्थानिक नाही तर कुठली? भाषिक अल्पसंख्य 15 टक्क्यांच्या वर असतील तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे जुनं संरक्षण दाखवून आपण जमिनीच्या उताऱ्याची, नोटिशीची मराठी प्रत मागत आलो. खासगी दुकानाच्या काउंटरवर ती मागायची आपल्याला आठवण होत नाही.

इथलं सगळं सोन्याचं आहे असं मात्र नाही. ज्याच्याकडे बँकखातं नाही, त्याला इथं स्वतःचेच पैसे वापरायला बऱ्याचदा महिन्याला शुल्क भरावं लागतं. बेळगावच्या रामदेव गल्लीतल्या भाजीवालीला युपीआयनं वीस रुपये देताना आपल्या खिशातून एक पैसा जादा जात नाही, हे इथल्या सहकाऱ्यांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. त्या बाबतीत घर पुढं आहे. पण त्याच फुकटाच्या सवयीमुळे 'फ्री' हा शब्द आपल्याला लगेच पटतो, असं मला वाटतं.

डॉलरच्या कार्डात तर मोठा पैसा शुल्कात जातच नाही, तो दरात जातो. दुकानदार कार्ड करून द्यायचे तीनशे रुपये माफ करतो आणि डॉलर त्या दिवशीच्या बाजारभावापेक्षा दीड रुपया महाग लावतो. हजार डॉलर भरले की दीड हजार गेले, आणि पावतीवर त्याची ओळसुद्धा नसते. म्हणून पहिला प्रश्न 'शुल्क किती' हा नाही. 'हजार डॉलर कार्डावर पडायला माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जाणार' हा आहे. तोच प्रश्न त्याच दिवशी, त्याच तासाला दोन-तीन ठिकाणी विचारायचा. चलन बदलण्यावर जीएसटीही लागतो, एक लाखापर्यंतच्या व्यवहारात तो जास्तीत जास्त 180 रुपये. तो सगळीकडे सारखाच, त्यावरून दुकान निवडू नये. 'झीरो मार्कअप' असं मोठ्यानं लिहिलेलं असतं ते बहुतेकदा डॉलरचं कार्ड युरोत वगैरे वापरलं तरच्या कपातीबद्दल. भरतानाच्या दराबद्दल त्यात काही नसतं.

बाकीचं मी भाच्याला तोंडी सांगितलं. काढायचे तर एकदाच दोनशे काढ. शिल्लक ॲपवर बघ. दुकानातलं मशीन 'रुपयात की डॉलरमध्ये' असं विचारेल, तिथं डॉलरच दाब. कार्डात डॉलर असताना रुपये दाबलेस तर डॉलरचे रुपये आणि रुपयांचे परत डॉलर होतात, दोन्हीकडून कापले जातात. पेट्रोल पंपावर मशीनला कार्ड लावू नको, आत जाऊन 'वीस डॉलरचं' असं सांग, नाहीतर जास्तीची रक्कम काही दिवस अडकून राहते. आणि इथल्या बँकेत खातं निघालं की या कार्डाचं काम संपलं.

आक्कासाठी मात्र मी त्या इंग्रजी कागदावरची सगळी शुल्कं एका पानावर मराठीत लिहून काढली. दोन संध्याकाळी लागल्या. फोटो मिळाल्यावर तिनं चष्मा लावून दुकानात मोठ्यानं वाचला. बसलेल्या दोन बायकांनी लगेच आपापल्या पोरांसाठी प्रत मागितली.

मग तिचा फोन आला. "शिल्लक बघायला पण पैसे घेतात गं? आणि उरलेले डॉलर परत रुपयात घेताना काय काय कापतील, ते तू लिहिलंच नाहीस."

मूळ कागदावर तिथं 'त्या दिवशीच्या दरानं' एवढंच होतं. कुठला दर, कुणी ठरवलेला, काही नाही. मी तिला तसं सांगितलं. सोमवारी ती काउंटरवर जाणार आहे, तो रकाना रिकामा ठेवलेलं माझं पान घेऊन. भरून दे म्हणणार आहे, मराठीत.